हवा होती, असं त्या म्हणायच्या

सकाळी रॅकेट काखेत मारून घराबाहेर पडणाऱ्या आणि "मला काय धाड भरलीये?" म्हणणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही. डॉक्टरी भाषा मला येत नाही, त्यामुळे ती इथे मिळायची नाही. माझ्या बाबतीत काय झालं तेवढंच सांगते. जरा विचित्र आहे, आणि अजूनही कधी कधी मला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.

मी वैजयंती, वय अठ्ठावन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्त. ग्वाल्हेरला आमची ही पाचवी पिढी. माझ्या मराठीत मधेच हिंदी येते आणि पुण्याची नणंद त्याला हसते. हसू दे बापडी.

हरिशंकरपुरमच्या आमच्या पार्कात कडुनिंबाखाली सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट आहे. ते मी भांडून करवून घेतलंय. नऊ वर्षं रोज सकाळी साडेसहाला आम्ही चौघी तिथे खेळतो: मी, माझी जोडीदार मीना, आणि समोरच्या बाजूला शेजारच्या गल्लीतल्या दोघी जावा. सगळ्या माझ्याहून लहान, सगळ्या मला दीदी म्हणतात. नियमही माझेच. त्यातला मुख्य नियम हवेचा. कोर्ट उघड्यावर, शटल वाऱ्याने वाहवतं आणि त्यावरून सुरुवातीला फार तू तू मैं मैं व्हायची. मग मीच सांगून टाकलं, कुणीही "हवा थी" म्हटलं की गुण कुणालाच नाही, खेळ दोबारा. चर्चा नाही.

* * *

मागच्या दिवाळीत मुलीने, सईने, बेंगळुरूहून येताना मला मनगटावरचं घड्याळ आणलं, ते नाडीचे ठोके दाखवणारं. पहिल्या दिवशी त्यावर चव्वेचाळीस दिसले. महिन्याभरात अडतीस.

मी मोबाइलवर वाचलं की खेळाडूंचं हृदय सावकाश चालतं. झालं! मी त्या आकड्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. भावजयीने टाळ्यांची चित्रं पाठवली. मेहुणे म्हणाले, "वा, खेळाडूचं काळीज!" मी अशी काही फुगले म्हणता! ह्यांना शुगर आहे आणि ह्यांचा व्यायाम म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येणं. ह्यांचे ठोके ब्याऐंशी. मी रोज चहाच्या वेळी दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ह्यांना ऐकवायचे. "बघा, तुमचं धापा टाकतंय, माझं कसं निवांत बसलंय."

"बसू दे बाई," हे म्हणायचे आणि पेपर वर धरायचे.

नऊ वर्षांत मी एकदाही कुठली तपासणी केली नव्हती. खेळणाऱ्या माणसाने तपासायचं काय, असा माझा शोध होता.

* * *

पहिल्यांदा झालं ते दुधाचं. गॅससमोर उभी होते, दूध वर येत होतं, साय फुगत होती, मी बघत होते. आणि मग दूध ओट्यावर होतं. मधलं काहीच नाही. डोळे मिटले नव्हते, डुलकी लागली नव्हती, हातात चिमटा तसाच धरलेला होता. फक्त दूध वर येतानाचा आणि सांडल्यानंतरचा, असे दोनच क्षण माझ्याकडे होते आणि त्यांच्या मधला कुणीतरी उचलून नेला होता. मी ओटा पुसला आणि कुणाला काही बोलले नाही.

मग पडाव चौकातल्या सिग्नलला. स्कूटरवर मी पुढे, हे मागे. लाल दिव्याखाली आकडे उलटे धावत होते. सात, सहा, पाच, आणि दिवा हिरवा. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. मी दचकून स्कूटर काढली. चार, तीन, दोन, एक. हे सगळे आकडे त्या पाटीवर येऊन गेलेच असणार. मी त्याच पाटीकडे बघत होते, आणि मला ते दिसले नव्हते.

नंतर घरातही सुरू झालं. हे खुर्चीत असायचे आणि एकदम दारात दिसायचे. खिडकीतली चिमणी असायची आणि मग नसायची, उडताना दिसायचीच नाही. मला घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायला लागलं. भरदिवसा, ऊन खोलीत आलेलं असताना! मी कसलंही मानणारी बाई नाही. पण एका दुपारी मी मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या आणि ह्यांना म्हटलं, "माझी दृष्ट काढा."

"काय झालंय तुला?"

"काही नाही झालं. काढा म्हटलं ना."

बिचाऱ्यांनी काढली. मोहऱ्या तडतडल्या. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

मग मी सांगितलं का नाही? मला वाटत होतं माझं डोकं जातंय. एकदा तसं म्हटलं की स्कूटर जाणार, कोर्ट जाणार आणि मला सोफ्यावर बसवून सगळे हळू आवाजात बोलणार. त्याची मला मरणाहून जास्त भीती होती. हे अगदी खरं सांगते.

* * *

जानेवारीत आमच्याकडे कोहरा पडतो तो असा की पार्काचं फाटक दिसत नाही. किल्ला तर आठ-आठ दिवस नसतोच. खेळायला थोडं उजाडेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग त्या पांढऱ्यातून शटल एकदम डोक्यावर उगवतं.

अशाच एका सकाळी शटल वर गेलं. मी रॅकेट उचलली. मग शटल माझ्या पायाशी पडलेलं होतं आणि तिघी जणी जागच्या जागी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मीना जवळ आली. हळूच म्हणाली, "दीदी, आप बीच-बीच में कहाँ चली जाती हैं?"

मला एवढी भीती वाटली की मी भडकले. "मी कुठे जाणार? खेलना है तो खेलो, नहीं तो घर जाओ!" असं मराठी-हिंदीत एकदमच तिला फटकारलं. मीनाचा चेहरा उतरला. ती आपल्या जागेवर गेली आणि पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

त्यानंतर कोर्टावर हवा फार वाढली.

म्हणजे शटल माझ्या बाजूला पडायचं, आणि तिघींपैकी कुणीतरी लगेच म्हणायची, "हवा थी दीदी, दोबारा." दिवसातून दोनदा, तीनदा, मग पाच-सहादा. मी वर बघायचे. कडुनिंबाचं पान हलत नसायचं. कोहरा कापसासारखा जागेवर लटकलेला असायचा. मीनाच्या तोंडची वाफ सरळ वर जायची. आणि तिघी एकासुरात, "हवा थी." मी मान डोलवायचे आणि पुन्हा खेळायला उभी राहायचे. मला वाटायचं, ह्या तिघींना लागणारी हवा मला का लागत नाही?

* * *

फेब्रुवारीत सई चार दिवसांसाठी आली. एका सकाळी शाल गुंडाळून पार्कात बसली आणि आमच्या खेळाचं मोबाइलवर चित्रीकरण केलं. घरी येऊन चहा ठेवला तेव्हा ती मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, ये क्या है?"

मी चष्मा लावून पाहिलं. मी होते, निळा स्वेटर, बूट. शटल उंच जातं. मी रॅकेट वर उचलते, आणि तशीच राहते. शटल माझ्या खांद्याजवळून खाली येतं, जमिनीवर पडतं. मी हलत नाही. माझे डोळे उघडे आहेत, तोंड किंचित उघडं आहे, हात वर आहे. त्या तिघी एकमेकींकडे बघतात. मागे एक कुत्रा शांतपणे कोर्ट ओलांडून जातो. मग माझा हात खाली येतो. मी इकडे तिकडे बघते, आणि मीच विचारते, "हवा थी क्या?"

"हाँ दीदी," मीना म्हणते. "हवा थी."

मी ते तीनदा पाहिलं. त्या बाईला मी ओळखत नव्हते. ती मी आहे हे दिसत होतं, तरी ओळखत नव्हते. आणि ती विचारायची, म्हणून त्या सांगायच्या. मला वाटत होतं आधी त्या सांगतात. कितीदा मी असं विचारलं असेल, देव जाणे.

सई रडायला लागली. "आई, तू वहाँ थी ही नहीं! तू नव्हतीसच तिथे!"

मी तरीही म्हटलं, "चहा तर घे आधी." ह्यांनी मात्र गॅस बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा माझा चहा अर्ध्यात बंद करायची हिंमत केली त्यांनी. रिक्षा बोलावली. मी स्कूटरची किल्ली उचलली तर ती माझ्या हातातून काढून घेतली.

* * *

हृदयाच्या डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी पाहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे. मराठी नव्हते, पण स्वभावाने गोड. म्हणाले, "आप चलकर आई हैं?"

"खेलकर आई हूँ," मी म्हटलं.

हसले नाहीत. त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं: हृदयाच्या वरच्या मजल्यावरून निरोप निघतो, तो खालच्या मजल्यावर पोचत नाही. खालचा मजला आपल्या मर्जीने, कसाबसा, सावकाश चालत राहतो. मधेच तोही थांबतो. चार सेकंद, पाच सेकंद. तेव्हा मेंदूला रक्त नाही. आणखी थोडा जास्त थांबला तर माणूस कोसळतो. त्याहून जास्त थांबला तर पुन्हा उठत नाही.

"पर मेरा तो खिलाड़ी का दिल है," मी म्हटलं. लहान मुलीसारखा आवाज आला माझा.

"खिलाड़ी का दिल धीरे चलता है, मैडम. रुकता नहीं."

ग्रुपवरच्या त्या सगळ्या टाळ्या मला आठवल्या. अडतीस हा आकडा मी मिरवत होते.

मला सरळ आत घेतलं. जांघेतून एक तार तात्पुरती हृदयापर्यंत घातली आणि दोन दिवसांनी पेसमेकर बसवायचं ठरलं. मी डावखुरी आहे, रॅकेटही डाव्या हातात धरते. हे सगळ्यांना सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा तो उजव्या बाजूला बसवायचा असं फायलीवर लिहिलं गेलं. तुमच्यावर वेळ आली तर आधी हे सांगा.

त्या वॉर्डात सकाळी सहाला अंग पुसायला येतात, आठला चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग दुपारपर्यंत कुणाचं तोंड दिसत नाही. तार घालण्याआधी तासभर मला मशीनला जोडून ठेवलं होतं. पडद्यावर हिरवी रेघ, प्रत्येक ठोक्याला बीप. हे पलंगाशेजारी बसले होते. मी ठरवलं, पडद्यावरून डोळे हलवायचे नाहीत, रेघ थांबताना बघायचीच. एकदा तरी रंगेहाथ पकडायचं. बीप, बीप. रेघ चाललेली. बीप. आणि ह्यांचा चेहरा एकदम राखेसारखा, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर, सिस्टर दारातून धावत येतेय.

"काय झालं?" मी विचारलं.

थांबलेली रेघ मला दिसलीच नव्हती. ती बघायला मी नव्हतेच ना! मी गेले होते हे मला फक्त दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळणार होतं. मी ह्यांचा हात घट्ट धरला आणि रडले. सिस्टरसमोर, मोठ्याने.

मग हे बोलले. खाली मान घालून. "अगं, मी बघितलंय हे घरी. दिवाळीनंतर किती वेळा. तू बोलता बोलता गप्प व्हायचीस, अशी टक लावून बघायचीस. मला वाटायचं, रागावलीस. मी म्हणायचो, बरं बाई, चुकलं माझं. मग तू पुढे बोलायला लागायचीस."

चाळीस वर्षांचा माझा तापट स्वभाव असा आडवा आला. माझं हृदय थांबायचं आणि माझा नवरा माझी माफी मागायचा. त्या दिवशी आम्ही दोघं हसलोही, पण आधी रडलो.

* * *

पेसमेकर बसला. लहान काम आहे, घाबरू नका. जागेपणी करतात, ओढल्यासारखं होतं, दुखणं सोसण्यासारखं असतं. गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीहून लहान उंचवटा आहे. सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. माझ्या बाबतीत उजवा, त्यामुळे पोळ्या लाटताना हाल झाले. ह्यांनी पोळ्या शिकून घेतल्या. कुठल्याच देशाचा नकाशा त्यांच्यापासून सुटला नाही.

घरी आल्यावर दहा दिवसांनी मीना आली. हातात गजकचा, तिळगुळाच्या वड्यांचा, डबा. हॉस्पिटलात एकदाही आली नव्हती. मी डबा घेतला नाही.

"सांगितलं का नाहीस मला? बताया क्यों नहीं?"

ती दारातच उभी राहिली. "बताया तो था दीदी. एक बार. आपने डाँट दिया."

"एकदा रागावले म्हणून मरू देणार होतीस?"

तिचे डोळे भरून आले. "हमको लगा भूलने की बीमारी है. मेरी सास को थी. सबने उनको टोक-टोक के घर बिठा दिया, छह महीने में चली गईं. हमने सोचा, दीदी खेलती तो रहें. हमने आपस में तय कर लिया था. आप पूछेंगी, हम कहेंगे हवा थी."

राग होता, तो गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण रोज थंडीत उठून यायचं, माझ्या थांबण्याची वाट बघत उभं राहायचं, एकमेकींकडे बघायचं आणि मग प्रेमाने खोटं बोलायचं, हे त्यांनी महिनाभर केलं. इकडची ही आदब आहे. मोठ्या माणसाचं उणं त्याच्या तोंडावर काढायचं नाही. तीच मलाही शिकवलेली, मीही दुसऱ्यांना शिकवलेली. मी तिला आत घेतलं. आम्ही दोघींनी गजक खाल्ली.

खेळाला मी दोष देत नाही. डॉक्टरही देत नाहीत. ते म्हणाले की खेळामुळे ताकद होती म्हणून इतके दिवस उभ्या राहिलात. खेळा, जरूर खेळा. पण खेळतो म्हणून तपासणीतून सुटलो असं समजू नका. आणि तुमच्यासोबत खेळणाऱ्यांना खरं बोलायची मोकळीक द्या. मी ती दिली नव्हती.

* * *

सहा आठवड्यांनी मशीनची तपासणी होती. पेसमेकर बसवून घेणाऱ्याला हे माहीत हवं: यंत्र काम करतं का हे बघताना, ते नसतं तर तुमचं काय झालं असतं, हेही बघतात. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तंत्रज्ञ मुलगी होती, सईच्या वयाची. उंचवट्यावर माउससारखं एक यंत्र ठेवलं, पडद्याकडे बघत म्हणाली, "आंटी, अब मशीन थोड़ी धीमी करूँगी. नीचे आपकी अपनी धड़कन कितनी है, देखना है. कुछ लगे तो बोलिएगा."

मला हसू आलं. म्हटलं, "बेटा, मैं बोल नहीं पाऊँगी. मला ते कळत नसतं."

हे कोपऱ्यात उभे होते. मी त्यांना जवळ बोलावलं, समोर उभं केलं. म्हटलं, "अहो, मी थांबले तर मला सांगायचं. जे दिसेल ते सगळं. काही नाही गं, असं म्हणायचं नाही."

"कशाला पण..."

"मला बघता येत नाही ते. तुम्ही बघा."

त्यांनी मान डोलावली. मुलीने बटण दाबलं. ठोके उतरताना कळत होते, जिना उतरल्यासारखे. पन्नास, चाळीस. कानात पाणी गेल्यासारखं झालं. खोली जरा लांब गेली. ह्यांचा चष्मा, त्यात खिडकी. मी त्या खिडकीकडे बघत राहिले.

आणि हे गुडघ्यावर होते. माझ्या पलंगाशी, फरशीवर. माझे दोन्ही हात त्यांच्या हातात. मुलगी म्हणत होती, "हो गया आंटी, वापस चालू है, हो गया."

कुणी "काही नाही" म्हणालं नाही. मी वाट बघत होते.

"सांगा," मी म्हटलं.

"पाच सेकंद," हे म्हणाले. "मोजले मी. तू नव्हतीस. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते, पण तू नव्हतीस त्यात. मी हाक मारली, तुला ऐकू गेली नाही."

"भीती वाटली?"

"फार," हे म्हणाले. "फार भीती वाटली गं."